नांगर वर राहत नाही

बाईंचा ट्रॅक्टर बाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठा. मिस्तरी दोघांनाही ओळखून होते, आणि त्यांच्या मते कुरकुर करण्यात ट्रॅक्टरचा नंबर दुसरा लागत होता.

या वेळी मात्र ट्रॅक्टरची तक्रार रास्त होती. लिफ्टचा दांडा ओढला की नांगर वर जायचा, पण वर राहायचा नाही. ऑईल गरम झालं की इंचाइंचाने खाली यायचा, दमलेल्या माणसाने हातातली पिशवी जमिनीला टेकवावी तसा. वळताना फाळ जमिनीत रुतायचे आणि बाईंच्या तोंडून चार शब्द निघायचे. शेवटी त्यांनी तो मिस्तरींच्या दारात आणून उभा केला.

"आठच महिने झाले हो मिस्तरी. तुम्हीच तर उघडला होता."

मिस्तरींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हातपाय गळाल्यासारखे झाले होते, आणि अजून सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते. अलीकडे हे रोजचंच होतं. गुडघे बोलायचे, बोटांना मुंग्या यायच्या, आणि दुकानात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी होतं. धाकटा भाऊ होता. तीस वर्षं दोघांनी हे दुकान चालवलं, आणि कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. लिफ्ट उघडली की सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करायचं ते धाकट्याने. पिस्टनवर रिंगा बसवायच्या त्या मिस्तरींनी. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. बाईंच्या ट्रॅक्टरचं कामही तसंच झालं, आणि आठवड्याच्या आत बाई परत आल्या. नांगर खाली येतो म्हणून.

मिस्तरी तिथल्या तिथे, बाईंच्या देखत, धाकट्याला म्हणाले, "घासताना ओरखडा पाडलास तू. ऑईल तिथून निसटतंय."

"उघडून पाहू या, दादा."

"मला उघडून पाहायची गरज नाही. मला आवाजावरून कळतं."

धाकट्याने हातातला पाना फळीवर ठेवला, हात पुसले आणि घरी गेला. तो परत आला नाही. बाईंची नांगरट आटोपली होती, त्यांनी ट्रॅक्टर तसाच शेडमध्ये लावून टाकला. त्यामुळे लिफ्ट कुणी उघडलीच नाही. ऐकायला वेडेपणाचं वाटेल, पण तीस वर्षांची जोडी न उघडलेल्या झाकणावरून मोडली.

म्हणून आज मिस्तरींना घाई नव्हती. त्यांनी आधी ऑईल पाहिलं. ऑईल बरोबर होतं. गाळणी काढून धुतली. कचरा होता, पण नावापुरता. पंपाकडे येणाऱ्या नळीला कुठे हवा लागत नाही ना, तेही पाहिलं. मग ट्रॅक्टर तासभर चालवून गरम केला, नांगर उचलला आणि इंजिन बंद केलं. पंप थांबला तरी नांगर खाली येतच राहिला. म्हणजे दोष पंपाकडे नव्हता. व्हॉल्व्ह काढून धुऊन बसवला, पुन्हा तेच. आता उघडायला एकच जागा उरली होती.

मिस्तरी पालथ्या डब्यावर बसून राहिले. आत ओरखडा निघाला तर ते खरे आणि धाकटा चुकलेला. नाही निघाला तर काय, हा विचार त्यांनी आठ महिने जवळ फिरकू दिला नव्हता. ओरखडा निघावा असं त्यांना वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती.

"झोपलात की काय?" बाई म्हणाल्या. "की मी काढू बोल्ट?"

"काढाल. तुमचा काय नेम नाही."

साखळीला लावून दोघांनी मिळून लिफ्टचं झाकण वर घेतलं. मिस्तरींनी सिलिंडर सुटं केलं, पिस्टन बाहेर काढला आणि आधी बॅटरीचा झोत आत मारला. सिलिंडर स्वच्छ चमकत होतं. दुसऱ्या बाजूने पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कुठे रेघ दिसेना.

मग त्यांनी पिस्टन हातात घेतला. त्यावर दोन रिंगा असतात, एक रबराची आणि एक चामड्याची. रबर ऑईलच्या बाजूला आणि चामडं त्याच्या पाठीशी, म्हणजे दाबाने रबर फटीत घुसत नाही. इथे चामडं पुढे बसलं होतं. पाठीशी आधार नसलेलं रबर कडेने कुरतडलं गेलं होतं, उंदराने खाल्ल्यासारखं.

या रिंगा बसवल्या त्या दुपारी मिस्तरींनी चष्मा लावला नव्हता. धाकटा समोर होता. मला अजून बोटांनी कळतं, हे त्याला दाखवायचं होतं. आणि बोटांना तर तेव्हाही मुंग्याच होत्या.

"काय निघालं?" बाईंनी विचारलं.

रिंग वापराने घासली गेली म्हटलं असतं तरी बाईंनी ऐकून घेतलं असतं.

"माझी चूक निघाली," मिस्तरी म्हणाले. त्यांना फार थकल्यासारखं झालं. मग त्यांनी फोन काढून तिथेच धाकट्याला लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्याने उचलला. मागे यंत्रांचा आवाज होता. एका गोदामात खोकी भरायचं काम तो करायचा, एवढंच मिस्तरींना ठाऊक होतं.

"बाईंचा ट्रॅक्टर उघडलाय. रिंगा मी उलट्या बसवल्या होत्या. ओरखडा नाहीये."

मिस्तरींना वाटलं, आता धाकटा शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

"नीट पाहिलंस?" तो हळूच म्हणाला. "अगदी तळाशी असेल, दादा. माझा हात घसरला होता एकदा. मी घरी येऊन खूप आठवून पाहिलं. घसरलाच असणार. तू म्हणालास म्हणजे पडलाच असणार."

तो रागाने गेला, असंच मिस्तरी इतके दिवस धरून चालले होते. रागावलेला माणूस दुसरीकडे पाना धरतो. याने पानाच सोडला होता. न पाडलेला ओरखडा खरा मानून तो आठ महिने खोकी भरत होता.

"बोट फिरवून बघ ना," धाकटा म्हणाला.

मिस्तरींनी सिलिंडरमध्ये बोट घातलं. त्यांना काहीच कळेना, बोट मेलं होतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी बाही वर सारली, हात आत घालून तळापर्यंत सगळीकडून फिरवला आणि फोनजवळ तोंड नेलं.

"काही नाही रे बाबा. काचेसारखं गुळगुळीत आहे. छान घासलंयस."

पलीकडे यंत्रं चालू राहिली.

"मग मी इथे काय करतोय, दादा?" धाकट्याने विचारलं.

"माझ्यामुळे आहेस," मिस्तरी म्हणाले.