हिराआजींचं खळं

"आई, हिराआजी गेली..." इरा तीन जिने धावत चढून आली होती आणि दारातच धापा टाकत उभी होती. सकाळी अंगण झाडता झाडता आजी ओट्यावर टेकल्या आणि तशाच गेल्या, असं त्यांच्या मुलानं, दिलीपनं, खाली सांगितलं होतं. त्याला तीन आठवडे झाले. लिहायला बसले की रडू येईल असं वाटलं होतं. पण आजी आठवल्या की आधी पोरांचा कल्ला कानात घुमतो आणि मीच खुर्चीतून अर्धी उठते!

जूचंद्रला राहायला आलो तेव्हा इरा आठ वर्षांची होती. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी वाच म्हटलं की तिचं पोट दुखायचं, खेळायला जा म्हटलं तर मोबाइल सुटायचा नाही. एकदा बळेच तिला खाली घेऊन गेले, तर सोसायटीनं फाटकाशी नवी पाटी लावलेली आणि तिच्यासमोर मुलं गप्प उभी. शेजारच्या घरातल्या हिराआजी, चौथीपर्यंत शिकलेल्या, भातशेतीत जन्म गेलेल्या, कुंपणापलीकडून बघत होत्या.

"काय लिवलंय गो बाय?" त्यांनी इराला विचारलं.

"मला नाही वाचता येत. पण इथे खेळायचं नाही, असं सगळे म्हणतायत."

"वाचता येत नाय, आनि ऐकतस मात्र?" आजी खदखदून हसल्या. "चला, माज्या खल्यात या. तिथं पाटीबिटी काय नाय!"

खळं म्हणजे त्यांच्या घरामागची भात झोडायची सारवलेली जागा. एरवी वर्षभर रिकामीच. आमच्या जूचंद्रच्या बायकांचा रांगोळीत हात धरणारं कोणी नाही, आणि आजी तर त्यात मुरलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खळंभर अक्षरं काढली, एकेक अक्षर चटईएवढं! आजी ओरडायच्या "म!", की लंगडी घालत म गाठायचा. चुकला तो बाद. इरा फ समजून क वर जाऊन उभी राहिली आणि पहिल्याच डावात बाद झाली. घरी आली ती रडतच. मला वाटलं, संपलं आता. पण तोंडही न धुता म्हणाली, "आई, फ दाखव ना. उद्या मला आउट नाही व्हायचं!" मी खडू शोधत घरभर पळत होते...

दोन महिन्यांत अक्षरांचे शब्द झाले, मग चिठ्ठ्या आल्या. 'चिंचेच्या ढोलीत बघा.' ढोलीत दुसरी चिठ्ठी, 'तळ्याच्या तिसऱ्या पायरीवर.' वाचेल तो पुढे, बाकीचे त्याच्या मागे! शेवटच्या जागी गोष्टीचं पुस्तक असायचं. ज्याला सापडेल त्यानं ते मोठ्यानं वाचायचं, इतरांनी उकडलेल्या शेंगा खात ऐकायचं. इराचे गुडघे कायम फुटलेले, आणि जेवताना ताटाशेजारी पुस्तक.

मग दिलीपनं खळ्यात शेड बांधायचं ठरवलं. वालीवच्या कारखान्यांचा माल तो टेम्पोनं पोचवतो. गाडीला आडोसा हवा, हे खरंच होतं.  लोखंडी खांब आणायला निघायच्या सकाळी मात्र टेम्पोची चावी गायब. चावीच्या खिळ्याला एक चिठ्ठी.

"आये, काय हा पोरखेल!"

"वाच न," आजी म्हणाल्या.

तो चिठ्ठी वाचून चिंचेकडे गेला. तिथून तळ्याकडे, तिथून डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांकडे. मागे आमची वीस-पंचवीस पोरं, त्यांच्यामागे आम्ही आया, गाऊनवर ओढण्या घेऊन! "दिलीपकाका, डावीकडे, डावीकडे!" चाळिशीचा तो गडी आधी वैतागून चालत होता, मग भराभर, आणि शेवटी चक्क पळत होता. चावी खळ्यातच निघाली, पेंढ्याखाली. घामाघूम होऊन तो तिथेच बसला आणि हसत सुटला. बराच वेळ हसला. "लहानपनी मी पन हितंच खेलायचो ना गं आये..." शेड झाली, पण खळं सोडून, कामणच्या रस्त्याला.

गेल्या रविवारी त्यानं पोरांसकट आम्हाला आजींच्या खोलीत बोलावलं. खिडकीत खाकी कव्हर घातलेलं पुस्तक होतं. आत शब्दाशब्दाखाली पेन्सिलीचे बारीक ठिपके. "जो शब्द अडायचा त्याच्याखाली ठिपका करायची," दिलीप म्हणाला. "दुपारी एकटीच वाचत बसायची, पोरांपुढे अडायला नको म्हनून." आम्हाला वाटायचं, आजींना सगळं येतं! सुरुवातीची पानं ठिपक्यांनी भरलेली. पुढे ते विरळ होत गेलेले. शेवटच्या गोष्टीत एकही नव्हता.

"ही वाचायची राहिली असणार," इरा म्हणाली आणि मोठ्यानं सुरू झाली. मुलं दाटीवाटीनं खोलीभर बसली. तिसऱ्या ओळीत एका लांबलचक जोडाक्षरी शब्दाशी इरा अडखळली. दिलीपनं खिडकीतली पेन्सिल तिच्यापुढे धरली. तिनं शब्दाखाली ठिपका केला आणि पुढे वाचू लागली.