फक्की पुसली तिथं दार

माझ्या घराला एक दार जास्त आहे. ते ठेवायला लावणारा माणूस आज सकाळी गेला.

कुंडलचे अण्णा. सांगलीत आमचं घर ज्यांनी बांधलं त्या आर्किटेक्ट मॅडमच्या ऑफिसातले साइट सुपरवायझर.

ऑफिस म्हणजे एक गाळा, माणसं तीन. मॅडम नकाशा कल्पायच्या, शबाना तो कॉम्प्युटरवर काढायची आणि अण्णा तो जमिनीवर खोटा पाडायचे.

हे वाक्य मॅडमचं. माझं असतं तर त्यात एखादा समास असता.

मोठ्या इमारती त्यांनी कधी केल्या नाहीत. घरंच. रिटायर फौजींची, मास्तरांची, भावकीतून वेगळ्या निघालेल्यांची.

आणि ऑफिसात अण्णांनी घालून दिलेला एक रिवाज होता.

पाया खणण्याआधी प्लॉटवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने अख्खं घर आखायचं. मग घरच्यांनी एक दिवस त्या रेघांमध्ये राहायचं. चहा तिथे, डबा तिथे, दुपारची झोपही तिथेच.

संध्याकाळी अण्णा फिरून बघणार, फक्की कुठे पुसलीय.

"कागदावर माणूस मॅडमचं ऐकतंय. पाय न्हाई ऐकत."

माझी अट एकच होती. रस्त्याकडची मोठी खोली माझी. अभ्यासिका. वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आणि पुस्तकं मात्र पलंगाखाली, बटाट्यांच्या शेजारी.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मागची खोली. शांत, बाथरूमला लागून. वडिलांचा विचार केल्याचं समाधान मला फुकटात मिळालं होतं.

अडचण एवढीच की आबा येणारच नव्हते.

नोकरी धरणावर झाली. आई गेल्यावरही ते कोयनानगरलाच एकटे राहिले. आम्ही बांधकाम काढलं त्या वर्षी ते तिथे घरात पडले, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला येईपर्यंत कुणाला कळलं नाही. मी तीनदा आणायला गेलो. तिन्हीदा चहा पिऊन परत आलो.

"तुमच्यात यून मी करू काय?"

फक्कीच्या दिवशी आले ते सुनेच्या शब्दाखातर. पिशवीत एक टॉवेल. परतीची एसटी आधीच विचारून ठेवलेली.

मी अभ्यासिकेत, म्हणजे उन्हात, खुर्ची टाकून पुस्तक उघडून बसलो. बायकोने स्वयंपाकघरात स्टो पेटवला. आबा त्यांच्या खोलीत चटईवर बसले.

दहा मिनिटं.

मग उठले, माझ्या अभ्यासिकेतून चालत आले, पुढची भिंत ओलांडली आणि रस्त्याकडेच्या विटांवर जाऊन बसले. परत आले. परत गेले.

जेवणानंतर चटईच ओढून माझ्या खोलीत आणली.

"आबा, तुमची खोली मागं आहे."

"तितनं रस्ता दिसत न्हाई."

कोयनेच्या भूकंपाचे हादरे ज्याने खाल्लेत तो माणूस आधी बाहेर पडायची वाट शोधतो, मग उशी.

संध्याकाळी कुपवाडचे कारखाने सुटले. दुचाकीवरून घरी निघालेला एक कामगार पाणी मागायला थांबला. आबांनी आपली बाटली दिली आणि त्याबदली त्याचं गाव, खातं आणि फोरमनचा स्वभाव काढून घेतला.

अण्णा फेरी मारून आले. माझ्या पुढच्या भिंतीची रेघ दोन-अडीच फूट गायब होती.

"सर, हितं दार पडलंय."

"तिथे खिडकी आहे, अण्णा."

"ती कागदावर हाय. आन् ही खोलीबी तुमची न्हाई. आबांची हाय."

मी शेवटचं शस्त्र काढलं. वास्तुशास्त्राचा म्हणून एक श्लोक खणखणीत म्हटला. आज कबूल करतो, तो हत्तीच्या लक्षणांचा होता.

अण्णांनी हात जोडून ऐकून घेतला.

"लय भारी हाय. पर ह्यात आबा कुठं झोपायचं?"

मॅडम दुसरीकडे बघून हसत होत्या. शबानाने तोवर नकाशावर पेन्सिलने दार काढलंसुद्धा.

मी आबांकडे बघितलं. ते घड्याळ बघत होते. एसटीला अर्धा तास होता.

मग त्यांनी विचारलं. मला नाही, अण्णांना.

"दारापाशी माठ ठिवता यील का?"

"आवं आबा, कट्टाच बांधून देतो."

ती एसटी आबांशिवाय गेली.

पुढे नऊ वर्षं ते त्या खोलीत राहिले. दार, स्टूल, माठ आणि अर्धं कुपवाड. माझी अभ्यासिका बाथरूमशेजारी आहे. माझ्या व्याकरणाच्या पुस्तकांना साबणाचा वास येतो.

आबा गेल्यावर गेल्या वर्षी मी अण्णांना फोन केला. म्हटलं, ते दार बुजवू, तिथे कपाट करू. खोली रिकामीच आहे.

अण्णा शबानाच्या स्कूटरवर मागे बसून आले. गुडघे गेले होते. वाकता येईना, तर उभ्यानेच मुठीतून फक्की सोडत कट्ट्यापुढे एक रेघ ओढली.

"आट दिवसांनी बघू. हाय तशी राहिली, तर बुजवू."

आठव्या दिवशी फोन.

"सर, रेघ हाय का?"

रेघ पहिल्याच संध्याकाळी गेली होती. कामगार अजून पाण्याला थांबत होते. माठ बायको भरत होती, मला न सांगता.

मी म्हटलं, "पावसाने गेली असेल."

"मार्चात?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हना आता हत्तीचा श्लोक."

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. कसं, ते विचारायचं राहून गेलं.

आज शबानाचा फोन आला आणि कुंडलला जाऊन आलो. मॅडम अंगणात बसल्या होत्या. म्हणाल्या, "सर, आता माझे नकाशे चुकलेत हे मला कोण सांगणार?"

घरी पोचलो तेव्हा दारापुढे कामगारांच्या दोन गाड्या थांबल्या होत्या आणि माठ रिकामा होता.

आज मी भरला.

अण्णा, या आता. दार राहू देतो.