लांबच्या गावचे पेशंट

हृदयाच्या पेशंटांपैकी घरी गेल्यावर महिन्याभरात कोण पुन्हा बिघडेल, याचा अंदाज बांधायचं काम माझ्याकडे होतं. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी आकडेवाली बाई. वय, बीपी, किडनीचा रिपोर्ट, घर किती लांब, सगळं रिग्रेशन नावाच्या गणितात टाकायचं, की प्रत्येकाचा धोका बाहेर येतो. ज्यांचा धोका जास्त, त्यांनाच नर्स फोन करणार होती.

पहिल्याच निकालात निघालं, घर जितकं लांब तितका धोका कमी! मोठे डॉक्टर खूश. "खेड्यातली हवा, अंगमेहनत! आपल्या रिसर्च पेपरात हेच ठळक टाकू."

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरी उमरेडला हातमाग होता. अंगमेहनतीनं बाबांचं काय झालं ते मी पाहिलंय. मी फायली उपसल्या. आमच्याकडे सवयच होती, पेशंट तपासणीला परत आला नाही की रकान्यात 'बरा' लिहून मोकळे. लांबचा माणूस येऊच शकत नव्हता, म्हणून तो बरा. वा रे वा!

"सर, ही माहिती खोटी आहे. मी यावर अंदाज बांधत नाही."

"अगं, सगळीकडे असंच चालते. उद्या पेपर पाठवायचा आहे. तुझंही नाव आहे त्यात."

"खोडा माझं नाव! पण आधी एक फोन करा."

सगळ्यात कमी धोका दाखवलेला म्हातारा मौद्याच्या पलीकडचा होता. नंबर लावून, स्पीकर सुरू करून मी फोन डॉक्टरांपुढे सरकवला. त्याच्या सुनेनं उचलला.

"बाबा कसे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बसल्या बसल्याच झोपून राहिले जी. आडवं होता येत नाही. पाय सुजले."

"मग दाखवायला काहून नाही आणलं?"

"कसं आणू साहेब? चालवत नाही त्याहिले. तुमच्याकडून कोणी विचारलं बी नाही, आम्हाले वाटलं असंच राहते."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ताबडतोब ॲम्ब्युलन्स पाठवतो म्हणाले, पत्ता लिहून घेतला. डॉक्टरांसाठी मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. मी यादीतला पुढचा नंबर लावला. तोही 'बरा' होता.

"कोण बोलून राहिलं?" एका बाईचा आवाज.

"दवाखान्यातून. तुमच्या मालकांची तब्येत..."

"आता विचारून राहिले व्हय? त्याहिले जाऊन पंधरा दिवस झाले."

फोन बंद झाला. मी फाईल उघडली आणि पेन डॉक्टरांच्या हातात दिला.

"लिहा सर, वारले. तुमच्याच हातानं लिहा."