मदर गेली, पत्रिका राहिल्या

खंडेनवमीला आमच्या घरी विळी, खुरपं, शिलाई मशीन, माझी मोटारसायकल आणि बायकोचा संगणक अशी क्रमानं पूजा होते. संगणकाची पेटी पुसून पाटावर ठेवतो. गेल्या वर्षी आईनं नारळ फोडला आणि दरवर्षीसारखं त्याचं पाणी सगळ्या हत्यारांवर शिंपडलं. विळीवर जेवढं, तेवढंच संगणकावर. त्या पेटीच्या माथ्यावर हवेसाठी जाळी आहे, हे मला ठाऊक होतं. पण त्या वेळी मी डोळे मिटून हात जोडले होते.

दसऱ्याला सकाळी बायकोनं बटण दाबलं. पंखा एकदा फिरला आणि थांबला.

बायको सांगलीत घरीच लग्नपत्रिकांचा मजकूर छपाईसाठी जुळवते. नऊ वर्षं झाली. तिचा मराठी जुळणीचा प्रोग्राम जुना आहे. तो बनवणारे केव्हाच बंद झाले आणि त्याची सीडी घर बदलताना फुटली. हा प्रोग्राम पहिल्यांदा ज्या डिस्कवर बसतो तिचा नंबर लक्षात ठेवतो. डिस्क कोरी करून सगळं नव्यानं भरलं तर तो नंबर बदलतो आणि प्रोग्राम उघडत नाही. परवानगी पुन्हा मागायला पलीकडे कोणी उरलेलं नाही.

फाइली होत्या १,१४६. मी दर महिन्याला त्या मोजायचो आणि दोन ठिकाणी नक्कल ठेवायचो. त्याचा मला अभिमानही होता. दसऱ्याच्या दुपारी त्यातली एक शेजाऱ्यांच्या संगणकावर उघडली, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कंस, प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी अक्षरं. नऊ वर्षं मी फाइली मोजल्या होत्या, त्या वाचणारा प्रोग्राम एकदाही जपला नव्हता. तुळशीचं लग्न महिन्यावर आलं होतं. त्यानंतर लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि बायकोला मान वर करायला वेळ नसतो.

पेटी गावातल्या दुकानात दिली. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. मी स्पीकर लावला होता.

“काका, मदर गेलीय.”

आई मेथी निवडत बसली होती. तिचा हात थांबला. “आगं बया! कुणाची रं?”

“संगणकाची, आई. मदरबोर्ड. आतली मुख्य पाटी असते.”

“त्यालाबी आई असती व्हय?” म्हणाली, आणि मेथीची जुडी बाजूला ठेवून, “माझ्याच हातनं झालं न्हवं?”

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. तिला उत्तर तेव्हाच द्यायला हवं होतं.

दुकानदार म्हणाला, “नवी मदर टाकू, पण फॉरमॅट मारायला लागंल.” मी दुसऱ्या दुकानात गेलो, मग कुपवाडला तिसऱ्या. तिघांचंही उत्तर एकच: फॉरमॅट मारायचा, म्हणजे डिस्क कोरी करायची. त्यात काय जाणार, हे एकानंही विचारलं नाही.

शेवटी साताऱ्याला चुलतभावाला फोन केला. दादा सतरा वर्षं लष्करात सिग्नलला, म्हणजे संदेशयंत्रणेवर होता, आता घरीच यंत्रं दुरुस्त करतो. तो म्हणाला, “मदर बदलली म्हून आख्खं घर पाडायचं व्हय रं? पेटी घिऊन ये. आन् डिस्कला कुणाचा हात लागू दिऊ नगंस.”

पेटी मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. कंडक्टरनं बोटानं ठोकून पाहिली. “काय हाय यात?”

“संगणक.”

“त्याचंबी तिकीट पडंल. वय किती?”

“नऊ.”

“मग अर्धं,” म्हणाला आणि माझं एकट्याचंच तिकीट फाडून पुढं गेला. चार दिवसांत मी पहिल्यांदा हसलो.

दादानं आधी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि तिची जशीच्या तशी पूर्ण नक्कल काढली. दोन तास दहा मिनिटं लागली. “आता काय बी बिघडलं तर हितवर परत येता येतंय,” म्हणाला. मग बिघडलेला बोर्ड काढला. त्यावर नारळाच्या पाण्याचा हिरवट डाग होता, दहा पैशाच्या नाण्याएवढा. तसाच बोर्ड आता मिळत नाही. आमचाच प्रोसेसर बसेल असा दुसऱ्या बनावटीचा त्यानं आणून ठेवला होता. तो बसवला, डिस्क जोडली, बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: चालू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

मी खुर्चीवर बसलो.

“आरं गड्या, तोंड काय पाडलंस? डिस्क हाय तिथंच हाय. हा नवा बोर्ड नव्या पद्धतीनं शोधतोय, आन् तुझं विंडोज जुन्या पद्धतीचं.” त्यानं सेटिंगमध्ये जुनी पद्धत चालू केली आणि पुन्हा बटण दाबलं. ठिपके गोल फिरू लागले. उपकरणं तयार होत आहेत, २१ टक्के. ३८. ६४ वर ते चार मिनिटं थांबलं. मी घड्याळ लावलं होतं. संगणक आपणहून दोनदा बंद-चालू झाला. आणि मग पडद्यावर बायकोनं लावलेला कृष्णाकाठचा फोटो आला.

आवाज येत नव्हता, इंटरनेट लागत नव्हतं. विंडोज नव्यानं नोंदणी मागत होतं. ती सगळी कामं दादानं अर्ध्या तासात उरकली. मला घाई एकाच गोष्टीची होती. मी जुळणीचा प्रोग्राम उघडला. उघडला. फाइली मोजल्या, १,१४६. शेवटची उघडली आणि बायकोला फोन लावला.

“काय दिसतंय ते वाचा,” ती म्हणाली.

“आमचे येथे श्रीकृपेकरून...”

“श्री फुटलेला नाही ना?”

“नाही. अख्खा आहे.”

पलीकडे खुर्ची सरकली. मग आईला हाक मारताना तिचा आवाज फोनपासून लांब गेला: “आत्या, झालं हो! सगळं आहे!” मागून आईनं काहीतरी म्हटलं, ते मला नीट ऐकू आलं नाही.

संध्याकाळच्या आत घरी पोचलो. पेटी जागेवर लावली, बायको लगेच बसली. आई दारात उभी राहिली. दसऱ्यापासून ती त्या खोलीत झाडायलाही आली नव्हती.

“आई, तुझ्या हातानं झालं खरं,” मी म्हणालो, “पण जाळी उघडी ठेवली ती मी.”

तिनं मान हलवली. देवघरात जाऊन आली आणि पेटीच्या कडेला बोटभर कुंकू लावलं. बायकोनं मागं वळून पाहिलं.

“कोरडं हाय,” आई म्हणाली. “तू चालू दे तुझं.”