यवतमाळला दोघंच

आमच्या साहेबांच्या खुर्चीमागं एक परदेशी कॅलेंडर लटकत असे. त्यावर युरोपातल्या कुठल्याशा शहराचं चित्र होतं. पांढरी घरं, निळं पाणी, लख्ख ऊन, आणि रस्त्यावर मांडलेल्या टेबलाशी चहा पीत बसलेलं एक जोडपं. साहेब सांगत, तिकडं शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की नवरा-बायको दोघंच फिरून येतात. कुणाचं लग्न नाही, कुणाची मयत नाही, नुसतं फिरणं. मी दिग्रसला त्या कचेरीत कारकून होतो, लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि उन्हाचा तर आमच्याकडं तोटा नव्हता. साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात सोमवारची सुट्टी आली आणि मी बायकोला म्हणालो, "चाल, यवतमाळले जाऊन येऊ."

"कोनाकडं?"

"कोनाकडंच नाही. दोघंच."

हे तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. आईनं कपाळाला हात लावला, पण डब्यात भाकरी बांधून दिली.

मी कोण होतो हे आधीच सांगतो, कारण पुढं ते सांगायची वेळ आली तेव्हा मी सांगितलं नाही. छप्पन साली नागपूरला मी दीक्षा घेतली आणि वस्तीचा वक्ता होऊनच परतलो. आईच्या देव्हाऱ्यातले देव मी माझ्या हातानं फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. आई दोन दिवस जेवली नाही, तर तिलाही भाषण दिलं. लग्नानंतर बायकोकडून बावीस प्रतिज्ञा मीच पाठ करून घेतल्या. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. ती कमी बोलायची, म्हणून मला वाटायचं की तिला जे काही समजतं ते माझ्यामुळंच. मूर्ख होतो.

शनिवारी यवतमाळला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. स्टँडजवळच्या चहावाल्यानं एका विधवा बाईंचं घर दाखवलं. त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला खोली देत आणि जेवूही घालत. बाईंनी दारातच आडनाव विचारलं. आमचं आडनाव दोन-तीन जातींत चालतं, त्यामुळं त्यांचं समाधान झालं नाही.

"म्हणजे कोणत्यांपैकी जी तुम्ही?"

"कुणबी," मी म्हणालो.

जीभ जराही अडखळली नाही, हेच मला अजून खातं. कुणी धमकावलं नव्हतं. फार तर दुसरं घर शोधावं लागलं असतं. बायको पिशवी घेऊन माझ्या मागंच उभी होती. मी वळून तिच्याकडं पाहिलं नाही.

बाई वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्या फार चांगल्या निघाल्या. आम्हाला चुलीजवळ बसवून गरम भाकरी, झुणका आणि वर तेल सोडलेला ठेचा वाढायच्या. बायकोला 'पोरी' म्हणायच्या, आग्रह करकरून खाऊ घालायच्या. बायको खाली मान घालून जेवायची.

रविवारी सकाळी आम्ही बाजारात फिरलो, तिला हिरव्या बांगड्या भरल्या आणि एका हॉटेलात समोरासमोर बसून कपबशीनं चहा प्यायलो. कॅलेंडरातल्या जोडप्यापेक्षा काय कमी होतं आमचं, असं मला वाटून गेलं.

"इथं कोनी काही इचारलं नाही," ती कपाकडं बघत म्हणाली.

"शहर आहे."

"काल बी शहरच होतं."

मी गल्ल्यावर पैसे द्यायला उठलो.

घरी आल्यावर बाईंनी फर्मान काढलं, "नवी जोडी, अन् चिंतामणीचं दर्शन न घेता जाता? कळंब काही दूर नाही. मीही येते संग." नाही म्हणायला मला काही सुचेना. खरं कारण एकच होतं, आणि ते मी आदल्या संध्याकाळी त्याच दारात गमावून बसलो होतो.

कळंबला देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर बाईंनी बायकोच्या हातात नारळ दिला. तिनं तो धरला, माझ्याकडं पाहिलं आणि तशीच उभी राहिली. मी डोळ्यांनीच खुणावलं, उरकून टाक. तिनं नारळ माझ्या हातात ठेवला आणि खांबाशी जाऊन उभी राहिली.

"काहून गं पोरी?" बाईंनी विचारलं.

"तिले घेरी येऊन राह्यली," मी म्हणालो. मग नारळ मी फोडला. हात जोडले, डोकं टेकलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी पुढं होऊन कपाळाला गंधही लावून घेतलं.

परतीच्या बसमध्ये बाई पुढच्या सीटवर पेंगत होत्या. बायको हळूच म्हणाली, "तुमी नारळ फोडला."

"रीत म्हणून. मनात थोडंच होतं?"

"मंग सासूबाईचे देव कायले सोडले नदीत? त्यायची बी रीतच होती."

मला राग आला. खोटं बोलणाऱ्याला तो लवकर येतो. "तुले काय समजते," असं म्हणून मी बाहेरची कपाशी बघत बसलो.

जायच्या आधी बाजारात पुन्हा एक चक्कर मारायची म्हणून सोमवारी सकाळीच आम्ही पिशवी भरली तेव्हा बाई आतून चिंतामणीची तसबीर घेऊन आल्या. नवीच होती, कळंबला आमच्या नकळत घेतलेली. "देवघरात लाव, पोरी. सालभरात पाळणा हालते की नाही बघ."

बायकोनं पिशवी खाली ठेवली आणि बाईंना हात जोडले. "मावशी, तुमच्या हातचं लय गोड लागलं. पन हे मी नेऊ शकत नाही. मी बौद्ध आहो."

बाईंनी तसबीर छातीशी धरली आणि माझ्याकडं पाहिलं.

"यायचं मले माहीत नाही," बायको माझ्याकडं हात करत म्हणाली. "यायलेच इचारा."

"काय जी," बाई म्हणाल्या, "मंग तुम्ही कोण?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. दोघीही माझ्याकडं बघत होत्या. एवढं एकदा सांगितलं असतं तर बायकोनं मला दोन दिवसांचं सगळं माफ केलं असतं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"बसची वेळ होऊन राह्यली," असं म्हणून मी पिशवी उचलली.

दिग्रसची बस दुपारी तीनची होती. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि ते दोघींनाही माहीत होतं.