सदाशिवभाऊंचा लांबलचक रिपोर्ट

नागभीडकडच्या एका तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली, त्या दिवशी मी चंद्रपूरच्या पाटबंधारे ऑफिसात पंख्याखाली आरामात बसलो होतो. वीसेक वर्षं झाली... अजून आठवलं की मान खाली जाते.

तेव्हा प्रोग्रामर म्हणून माझी कॉलर फार ताठ होती. तलावांवरून रोजची माहिती फोनलाइनवर यायची, एक्सएमएलमध्ये... म्हणजे मजकुराच्या सुरुवातीला एक खूण, शेवटी एक. ती सॉकेटमधून, म्हणजे फोनलाइनवरचा मजकूर प्रोग्राममध्ये शिरतो त्या दारातून, उचलून वाचायची आणि साहेबांच्या स्क्रीनवर दाखवायची, हा प्रोग्राम माझा.

त्या तलावावर देखरेखीला सदाशिवभाऊ होते. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले, सगळा जन्म पाण्यावर काढलेला माणूस. गावातल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करायचे. सगळं ठीक असलं की दोनच शब्द, "सारं बरोबर". पण काही बिघडलं की अख्खी हकीकत लिहायचे... कोणी पाहिलं, कोणत्या मोहाच्या झाडाजवळ, पाणी गढूळ की साफ.

पाळ फुटली आणि गावच्या ढिवरांनी सोडलेलं मासोळीचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, नाल्यात वाहून गेलं. साहेबांनी फोन लावून भाऊंना झापलं, रिपोर्ट का नाही म्हणून.

"पाठवलो ना जी साहेब! दोन दिवसांपासून पाळ झिरपून राह्यली, सारं लिवलो होतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, आपल्याकडे काहीच आलेलं नाही," मी म्हणालो. आणि वर शहाणपणा... "त्यांना बटणच दाबता येत नसेल." भाऊंचं काम गेलं.

आठवड्याने सहज कोड चाळत होतो आणि चूक सापडली. लांब मजकूर सॉकेटमधून एका दमात येतोच असं नाही, तुकड्यातुकड्यांनीही येतो. माझा प्रोग्राम पहिला तुकडा घ्यायचा, शेवटची खूण दिसली नाही की सगळं फेकून द्यायचा... कोणाला न सांगता. टेस्टिंग करताना मी दरवेळी "सारं बरोबर" एवढंच पाठवून पाहिलं होतं.

म्हणजे बरं असल्याची बातमी पोचायची. संकटाची नाही.

शेवटची खूण येईपर्यंत तुकडे जोडत राहायचं, एवढीच दुरुस्ती. अर्ध्या दिवसात केली. साहेबांना म्हणालो, नवीन व्हर्जन टाकलंय. बास.

पुढे उन्हाळ्यात नागभीडच्या बाजारात भाऊंनीच हाक मारली. बळेच चहा पाजला. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. ऐकवले असते तर बरं झालं असतं.

"साहेब, माहीच चूक झाली असन जी. बटन चुकीची दबली असन." मग कप खाली ठेवत म्हणाले, "पोरीचं नाव कॉम्प्युटर क्लासले टाकलो होतो, काढून घेतलो. ते मशीन आपल्यासाठी नाई."

तिथेच सांगायला हवं होतं. पण गाडीची वेळ झाली म्हणून उठलो... गाडीला चांगला तासभर अवकाश होता.

चूक माझी होती, सदाशिवभाऊ. तुमचं प्रत्येक बटण बरोबर दबलं होतं. आज हे लिहितोय तेही अशा ठिकाणी, जिथं तुम्ही कधीच वाचणार नाही.