टेमीच्या गाऊनच्या बाह्या

फिलोमिना आँटी गिऱ्हाइकाला बसायला सांगण्याआधी हातातलं कापड मागून घेत. ते टेबलावर उलगडत, कडेने बोट फिरवत आणि विचारत, "हे कुठल्या गावचं? कुणी विणलं? घरात आधी कुणी घातलंय?" उत्तरं मापांच्या वहीत छाती-कंबरेच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवत. माप घेताना मात्र एक शब्द बोलत नसत. "कापडाची चौकशी करायची, अंगाची नाही," असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांना अकरा वर्षं ओळखत होतो. मागच्या वर्षी वसईत त्यांचं निधन झालं. मयतीला सख्खी बहीण आली नव्हती.

शारजात अल नहदाला, आमच्याच टॉवरच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं. त्याआधी वीस वर्षं त्या दुबईतल्या एका हॉटेलात युनिफॉर्म दुरुस्त करत. तिथल्या एका नायजेरियन रिसेप्शनिस्टने आईने पाठवलेलं हातमागाचं कापड आणून दिलं आणि चर्चमध्ये घालायला गाऊन शिवाल का, असं विचारलं. ते अशो-ओके होतं, म्हणजे वीतभराहून अरुंद, लांबच लांब पट्ट्या. दुसऱ्या कुणी ते आडवंतिडवं कापलं असतं. आँटींनी पट्ट्या उभ्या जोडल्या. "विणणारा जिथे थांबला तिथे मी थांबते. मध्ये कात्री घालणारी मी कोण?"

नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या लग्नात वधू वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकते हे कळल्यावर त्या गाऊनच्या घेरात समोर तीन जादा चुण्या ठेवू लागल्या. ट्रायलला प्रत्येक मुलीला गुडघ्यांवर बसवून, कुणाचाही हात न धरता उठायला लावत. नायजेरिया, घाना, केनियाच्या नर्सेस आणि हॉटेलातल्या मुली एकमेकींना सांगून येत राहिल्या. एकजण म्हणाली, "आँटी, मागच्या जन्मी तुम्ही नक्की आफ्रिकन होता." आँटी म्हणाल्या, "मागच्या जन्मीही टेलरच असणार, बाय. पाठ तेव्हापासून दुखते."

टेमी योरुबा होती, शारजातल्या एका क्लिनिकमध्ये नर्स. तिचं लग्न आँटींच्या बहिणीच्या मुलाशी, रायनशी ठरलं होतं. रायन दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका शिपिंग कंपनीत होता. टेमीच्या आजीने तिकडच्या विणकरांच्या इसेयिन गावाहून जाळीच्या विणीचं कापड पाठवलं. आँटींनी त्याचा बिनबाह्यांचा गाऊन आखला, मनगटांवर पोवळ्याच्या माळा. "असा गाऊन वसईत कुणी बघितलेला नाही," त्या मला म्हणाल्या. स्वतःच्या कामाबद्दल त्या असं सहसा बोलत नसत.

दुसऱ्या ट्रायलला टेमीने बाह्या मागितल्या. तिच्या उजव्या दंडावर एका ओळीत चार निळे डाग होते, आतल्या बाजूला पाचवा. हे मला आँटींनी पुढे बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. टेमी एवढंच म्हणाली, "फुल स्लीव्ह्ज, आँटी, प्लीज." उरलेल्या पट्ट्यांच्या बाह्या झाल्या. जाळीतून कातडी दिसत होती, म्हणून आतून दुहेरी अस्तर लावलं.

मी पेपरसाठी त्या गाऊनवर लेख केला. मे महिन्यातल्या लग्नाला दुहेरी अस्तर कशाला, असं विचारलं. "चर्चमध्ये एसी फार असतो रे, पेपरवाल्या," त्या म्हणाल्या. मी ते तसंच छापलं. फोटोही बाह्यांचाच होता.

लग्नाला सात महिने झाले तेव्हा टेमीचं कोपर दोन ठिकाणी मोडलं. बाथरूममध्ये घसरली, असं रायनने हॉस्पिटलात सांगितलं. टेमीने पोलिसांत तक्रार दिली. हे लग्नाच्या आधीपासून चालू आहे, असं तिचं म्हणणं होतं. आधीचं पाहिलेलं माणूस एकच होतं.

वसईहून बहिणीचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. आँटींच्या हातात टाचण्या होत्या, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"फिलो, पोरगा आपला आहे. तू काही बघितलं नाहीस."

"बघितलं."

"तू काय डॉक्टर आहेस? आपटली असेल कुठे. तुझ्या मांडीवर वाढलाय तो."

"म्हणून तर गप्प बसले."

"मग आता काय झालं?"

"आता तिचा हात वर जात नाही. पेशंटला उचलणार कशी?"

"फिलो, पोलिसांत गेलीस तर वसईला माझ्या घरी पाय ठेवायचा नाही."

"बरं. ठेव आता, टाचण्या पडतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोलीस स्टेशनला निघाल्या. मला म्हणाल्या, "चल. तुला लिहिता येतं. ते नीट उतरवून घेतात का बघ."

अधिकारी तरुण होता, हिंदी बरी बोलत होता. त्याने आधी पाणी मागवलं. आँटींनी मापांची वही उघडून दुसऱ्या ट्रायलचं पान पुढे केलं आणि डाग कुठे होते ते सांगितलं. पानावर तारखेखाली बाह्या आणि दुहेरी अस्तराची नोंद होती. डाग बोटांचेच होते कशावरून, असं त्याने विचारलं. आँटींनी डाव्या हाताने स्वतःचा उजवा दंड पकडून दाखवला. "ऐसे," त्या म्हणाल्या.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?" त्याने हिंदीत विचारलं.

पोरगा मांडीवर वाढलेला, हे बहिणीला दिलेलं कारण मी ऐकलं होतं. तेच इथेही येईल असं मला वाटलं. कोर्टाच्या बातम्यांत मी ते अनेकदा लिहिलं होतं. आँटींनी वही मिटली.

"गाऊन अच्छा बन रहा था, साब," त्या म्हणाल्या. "पूछती तो शादी रुक जाती. गाऊन रह जाता."

अधिकारी अरबीत टाइप करू लागला. थोड्या वेळाने त्याने जबाब हिंदीतून वाचून दाखवला: साक्षीदाराने डाग पाहिले, ते झाकण्यासाठी बाह्या शिवल्या, त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

"गाऊनवाली बात नहीं लिखी," आँटी म्हणाल्या.

"त्याची केसला गरज नाही, मॅडम."

"लिखो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने अरबीत आणखी एक ओळ घातली आणि आँटींनी सही केली.